वानखडे मॅडमनी भिजत घातलेली माती

वानखडे मॅडमसमोर 'साधारण' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. 'मीटिंग साधारण किती वाजता आहे?' असं कुणी विचारलं, की त्या हातातला खडू खाली ठेवून विचारणाऱ्याकडे बघत. आता आमच्या कॉलेजात सगळंच साधारण चालतं. तास साधारण वेळेवर होतात, निकाल साधारण बरा लागतो, प्राचार्य साधारण खूश असतात. त्यामुळे मॅडमची रोज पंचाईत व्हायची, आणि मॅडममुळे आमची. "अंदाजानं भाजीत मीठ टाका," त्या म्हणत, "बाकी काही अंदाजानं करू नका." त्यांच्या डब्यातल्या भाजीत मीठ खरोखरच अंदाजानं असायचं. मी पुष्कळ वर्षं ती भाजी खाल्ली आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात खोल्यांची टंचाई असल्यामुळे दोन्ही विभाग एकाच लांबट खोलीत होते, मध्ये लोखंडी कपाटांची भिंत. कपाटाच्या त्या बाजूनं फॉर्मालिनचा वास यायचा, आणि आमच्या बाजूनं, मॅडमच्या मते, नुसत्या गप्पांचा. ठेंगणा बांधा, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि शेताच्या बांधावरून हाक मारावी तसा आवाज. वर्गात पुस्तकी मराठी. पण राग आला किंवा माया आली, की त्यांच्या गावची, उंद्रीकडची बोली सुटायची. 'पाठक सर, आपण जरा थांबता का?' म्हणाल्या, की समजावं, काही विशेष नाही. 'काऊन व्हय सर, इकडे या बरं,' म्हणाल्या, की निमूट उठावं.

आता त्या निवृत्त होऊन नागपूरला लेकीकडे राहतात. त्यांचं नाव काढलं की लोक 'तळेवाल्या मॅडम का?' असं विचारतात. काही जण कौतुकानं विचारतात, काही जण कपाळाला आठ्या घालून.

त्या तळ्याची हकिगत अशी. उंद्रीच्या अलीकडे रस्त्यावरून आत वळलं की एक पाझर तलाव लागतो. तलावाला लागूनच मॅडमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराची कामं निघाली, तेव्हा मॅडमच्या आईनं डोक्यावर माती वाहून त्याची पाळ रचली होती. एका वर्षी त्या तलावाच्या सौंदर्यीकरणाची योजना आली. काठाकाठानं दगडी भिंत, भिंतीवर फिरायचा पक्का रस्ता, रंगीत दिवे, बोटी, खाण्यापिण्याची दुकानं. नकाशा मोठा देखणा होता. त्यात तळ्याचं पाणी इतकं निळं रंगवलं होतं, की आमच्या जिल्ह्यात तसं निळं मी फक्त मिरवणुकीच्या झेंड्यांत पाहिलं आहे.

योजनेसोबत बाहेरच्या एका सल्लागार कंपनीचा अहवालही होता. जीवसृष्टीवर काय परिणाम होईल, या प्रकरणात जेमतेम एक परिच्छेद. पश्चिमेचा काठ ओसाड, कोरडा, तिथे उल्लेखनीय काही नाही, सबब परिणाम नगण्य. सरकारी रीतीप्रमाणे त्यावर स्थानिक कॉलेजचा अभिप्राय हवा होता. कागद फिरत फिरत मॅडमच्या टेबलावर आला. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, दोन ओळी लिहून सही करून टाका. साधारण सहमत आहोत म्हणून."

मॅडमनी खडू खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी माझी स्कूटर, मागे मॅडम आणि मॅडमच्या मांडीवर एक रिकामं घमेलं, अशी आमची वरात निघाली. मार्च संपत आला होता. पाणी मागे सरलं होतं आणि पश्चिमेचा उथळ उतार उघडा पडून भेगाळला होता. मी प्रामाणिकपणे सांगतो, मलाही तिथे उल्लेखनीय काही दिसलं नाही. एक टिटवी तेवढी आमच्या नावानं शंख करत डोक्यावरून फिरत होती.

"अहवालवाल्यांचं काय चुकलं?" मी विचारलं. "ओसाडच आहे की."

"ते मागच्या मे महिन्यात आले. त्याइनं जे पाह्यलं ते लिहिलं. कंपनीचं पोरगं खोटं नाही बोललं," मॅडम म्हणाल्या. "पन तुमी एखाद्याच्या घरी दुपारी दोन वाजता गेले, सगळे झोपलेले दिसले, तं मेले म्हनून लिहिसान का?"

मग त्या उकिडव्या बसल्या आणि खुरप्यानं त्या भेगाळलेल्या काठाची माती घमेल्यात भरायला लागल्या. इथून थोडी, तिथून थोडी, प्रत्येक ठिकाणची वेगळ्या पिशवीत बांधून. मला वाटलं, प्रयोगशाळेत पाठवणार. त्या म्हणाल्या, "मटकी भिजत घालतो ना आपन, तशी ही माती भिजत घालाची. मोड येते का पाहू."

ही त्यांची पद्धत होती. कोरड्या काठाची माती आणायची, पसरट टबात घालायची, वर चार बोटं पाणी ओतायचं आणि वाट बघायची. तळ्याचा काठ उन्हाळ्यात मरत नाही, झाकण लावून झोपतो, असं त्यांचं म्हणणं. मातीत गवताचं बी असतं, बारीक झिंग्यांची अंडी असतात, तोंडावर झाकण ओढून बसलेल्या गोगलगायी असतात. पाणी मिळालं की सगळे उठतात. माशांची पिल्लं, बदकं, गोगलगायी फोडून खाणारे मोठे करकोचे, सगळे या उठलेल्यांवर जगतात. तिथे दगडी भिंत घातली, की उथळ काठच उरत नाही. भिंतीला लागून एकदम खोल पाणी. मग कुणी झोपायचं कुठे आणि उठायचं कुठे?

कपाटांच्या भिंतीला लागून टब मांडले गेले. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा. रोज सकाळी मॅडम भिंग घेऊन वाकायच्या आणि पलीकडून ओरडायच्या, "पाठक सर, या, उठले!" मी चहा सोडून जायचो. पाण्यात मिठाच्या कणाएवढं काहीतरी तुरुतुरु पळत असायचं. मी म्हणायचो, वा. मॅडमचं माझ्या 'वा'नं कधी समाधान झालं नाही.

आणि मग आमच्या कॉलेजनं आपल्या स्वभावाला शोभेल असा घोटाळा केला. मूल्यांकन समिती यायची होती. समिती येणार म्हटलं की आमच्याकडे लग्नघर होतं. भिंतींना चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू, तुटक्या खुर्च्या गच्चीवर. आमचे शिपाई रामदासभाऊ स्वच्छतेच्या आवेशात रविवारी आमच्या खोलीत शिरले आणि सगळे टब रिकामे करून, घासून, उन्हात पालथे घालून मोकळे झाले. सोमवारी मॅडम आल्या तर टब आरशासारखे लखलखीत.

"मॅडम, त्या पान्याचा बास मारत होता," रामदासभाऊ म्हणाले. "समिती येऊन राह्यली म्हनून साफ केलं. मी तं म्हनलं, मॅडम खूश होतीन."

मला वाटलं, आता भूकंप. मॅडमनी डोळे मिटले, उघडले आणि एवढंच विचारलं, "माती कुठं टाकली?"

"वाया नाही घातली. काळी माती होती. साहेबाच्या खोलीसमोरच्या गुलाबाले टाकली."

त्या गुलाबांना समितीसाठी सकाळ-संध्याकाळ पाणी चाललं होतं. समिती आली त्या दिवशी दारात मोठी रांगोळी होती, सनई होती, प्राचार्य सुटाबुटात होते. आणि गुलाबाच्या वाफ्यातून लिंबाएवढ्या गोगलगायी निघाल्या होत्या. त्यातल्या दोन-तीन रांगोळीच्या मधोमध, कुणाला कसलीच घाई नाही अशा चालत होत्या. समितीचे अध्यक्ष वाकून बघायला लागले. प्राचार्यांचा घाम निथळत होता. मॅडम पुढे झाल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, हा आमच्या विभागाचा चालू प्रकल्प आहे." समितीनं त्याची नोंद नवोपक्रम म्हणून घेतली. त्या दिवसापासून प्राचार्य मॅडमसमोर 'साधारण' म्हणायचे बंद झाले.

मी म्हटलं, मॅडम, झालं की काम. गोगलगायी उठल्याच. लिहून टाका. तशा त्या माझ्यावर खेकसल्या. "काऊन व्हय सर? त्या वाफ्यात बागेची माती होती, खत होतं, कशात काय होतं कोनाले माहीत? आता ते तळ्याचं राह्यलं नाही." पुन्हा माझी स्कूटर, पुन्हा घमेलं, पुन्हा खुरपं. एप्रिलचं ऊन असं, की स्कूटरच्या सीटवर बसताना तोंडातून आपोआप देवाचं नाव निघायचं. या वेळी टब त्यांनी घरी ठेवले, स्वयंपाकघरात, आणि स्वतः महिनाभर गॅलरीत स्वयंपाक केला.

दोन ओळींच्या अभिप्रायाचा आता मॅडमचा स्वतःचा अहवाल झाला होता आणि त्याचं मराठी तपासायचं काम माझ्याकडे होतं. मॅडमनी तो हट्टानं मराठीत लिहिला होता, गावातल्यांना वाचता यावा म्हणून. मी सुरुवातीला एक छानसं वाक्य घातलं: 'जैवविविधतेने नटलेला हा रम्य परिसर'. मॅडमनी लाल शाईनं खोडलं. "कोन नटलं? तिथं कोनी नटत नाही. चिखल आहे, चिखल लिहा." माझी पंचवीस वर्षांची अध्यापनाची पुण्याई त्या लाल रेघेखाली गेली. पण चिखल म्हणून लिहिल्यावर ते पान खरंच जास्त चांगलं झालं, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

त्याच सुमारास शहरातले काही निसर्गप्रेमी तरुण एक फोटो घेऊन आले. दूर देशांतून हिवाळ्यात येणाऱ्या क्रौंच पक्ष्यांचा थवा, मागे पाणी. ते म्हणाले, "मॅडम, हा आपल्याच तळ्यावरचा. हा अहवालात गेला की योजना गेलीच म्हणून समजा." मॅडमनी फोटो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "ह्या मागच्या टेकडीवर मोबाइलचा टॉवर दिसून राह्यला. आपल्या तळ्यामागं टेकडी हाये का?" एक जण म्हणाला, "मॅडम, पण हेतू चांगला आहे. पक्षी काय, इथेही येऊ शकतात."

"येतीन तवा लिहीन," मॅडम म्हणाल्या. "खोटा पक्षी आनून खरं तळं वाचवाचं? उद्या कोनी ही टेकडी दाखवली, तं माह्या गोगलगायी बी खोट्या ठरतीन." पोरं नाराज होऊन गेली. मला स्वतःला वाटलं, बाई फारच ताणतात. एक फोटो चिकटवला असता तर सुंठीवाचून खोकला गेला असता. पण त्या बाईंना खोकला सुंठीनंच घालवायचा होता.

हे सगळं ऐकून वाटेल, की मॅडम तळ्यासाठी लढत होत्या आणि समोर कुणी दुष्ट माणसं होती. तसं असतं तर सोपं होतं. समोर त्यांचे सख्खे थोरले भाऊ होते.

भीमराव दादांनी मजुरी करून धाकट्या बहिणीला शिकवलं होतं. एम.एस्सी.ची फी भरायला स्वतःची सायकल विकलेला माणूस. मॅडम त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणायच्या. त्यांचा मुलगा प्रवीण पदवी घेऊन घरी बसला होता, आणि नव्या योजनेत पश्चिम काठावर, अगदी गावरस्त्याला लागून, त्याला दुकानाची जागा मिळणार होती. नकाशात त्या जागेवर छोटा लाल चौकोन होता. मॅडमचा अहवाल म्हणत होता, तो काठ सोडा. भिंत, रस्ता, दिवे सगळं समोरच्या पाळीकडे न्या. तिथे आधीच दगड लावलेले आहेत, तिथे कुणाचं काही मोडत नाही. फक्त पाळ रस्त्यापासून लांब होती. तिथवर चहा प्यायला कोण जाणार?

जनसुनावणी गावातच झाली, समाजमंदिराच्या अंगणात मांडव घालून. मॅडम दोन घमेली घेऊन आल्या होत्या. अधिकारी सज्जन होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, काठ सोडा म्हणता. पण त्या काठावर आहे तरी काय?" मॅडमनी भाषण केलं नाही. एक घमेलं टेबलावर ठेवलं, त्यात काठाची कोरडी माती. शेजारी दुसरं ठेवलं, त्याच काठाची भिजलेली माती. अधिकारी वाकले, मग सल्लागार कंपनीचा पोरगा वाकला, मग खुर्च्या सरकवत अर्धा मांडव गोळा झाला. गवताचे कोवळे कोंब, पाण्यात तांबूस झिंगे, आणि एका गोगलगायीनं नेमकं तेव्हाच झाकण बाजूला करून शिंगं बाहेर काढली. पोरगा म्हणाला, "मी पावसाळ्यात यायला हवं होतं." त्यात आढ्यता नव्हती. मला तो आवडला.

सगळे वाकले, फक्त भीमराव दादा वाकले नाहीत. ते जागेवरच उभे राहिले.

"साहेब, मी हिचा भाऊ," ते म्हणाले. "माह्या मायनं या धरनाची माती डोक्यावर वाह्यली. पायात काही नव्हतं तिच्या. त्या धरनानं आमाले आजपावतो काय देल्लं? आता पयल्यांदा माह्या लेकराले दोन घास भेटून राह्यले, तं माही बहीन आडवी येऊन राह्यली. गोगलगाईसाठी." मग मॅडमकडे वळून, हळू आवाजात, "कुसुम, तुले याच्यासाठी शिकवलं का व?"

मॅडमच्या हातात टेबलाची कड होती, ती त्यांनी घट्ट धरली. त्या मांडवात मी बसलो होतो आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"दादा, याच्यासाठीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "खरं पाहाले आन खरं सांगाले. तू सायकल विकली, ते मी खोट्यावर सही कराव म्हनून नाही विकली. प्रवीनचं नुकसान होईन, मले दिसते. ते मी अहवालात लिहिलं हाये, वाच. पन काठ ओसाड हाये असं नाही लिहिनार."

त्यांनी ते खरंच लिहिलं होतं. जीवसृष्टीच्या अहवालात कुणी लिहीत नाही असा एक परिच्छेद: पश्चिम काठ वगळल्यास गावातल्या काही तरुणांचा हक्काचा रोजगार बुडेल, त्यांना पाळीकडच्या कामात प्रथम प्राधान्य द्यावं. मी तो खोडायला सुचवलं होतं, विषयाला सोडून आहे म्हणून. मॅडम म्हणाल्या होत्या, "ते बी काठावरचेच जीव हायेत ना सर?"

भीमराव दादा मांडवातून निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं. मॅडम दिवाळीला गेल्या, ते शेतात निघून गेले. चौदा एप्रिलला गेल्या, ते मिरवणुकीत पुढे चालत राहिले. मॅडम परत येऊन टेबलाशी बसत, पेपर तपासत, आणि कुणी काही विचारलंच तर म्हणत, "त्याचा राग खरा हाये. माही सही बी खरी हाये." एकदा मी पाहिलं, पेपर तपासता तपासता त्यांचे डोळे वाहत होते आणि लाल पेन चालूच होतं. ज्याला नापास करायचं त्याला त्यांनी त्या दिवशीही नापासच केलं.

निर्णय लागायला पुढचं वर्ष उजाडलं. मॅडमच्या निरोपसमारंभाच्या दिवशी सकाळी बातमी आली, की सुधारित नकाशात पश्चिमेचा काठ वगळला आहे. दुकानं पाळीकडे गेली होती, मंजूर कमी झाली होती, आणि त्यांत प्रवीणचं नाव नव्हतं. समारंभात प्राचार्यांनी मॅडमना 'तळ्याच्या रक्षणकर्त्या' म्हटलं. मॅडमनी शाल घेतली, श्रीफळ घेतलं, आभाराची चार वाक्यं बोलल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "सर, गाडी काढा. गावाले जाऊ."

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. भीमराव दादा अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होते. मॅडमना पाहून हात थांबले नाहीत.

"कशाले आली?"

"भेटाले."

"जिंकली ना?"

"मी काय जिंकली दादा? प्रवीनचं नाव गेलं. मले सकाळीच समजलं."

दादांनी दोरी ओढून पाहिली. "माहीत होतं, तरी सही काऊन केली?"

"खरं होतं म्हनून."

दादांनी मान खाली घालून पुन्हा दोरी वळायला घेतली. वहिनींनी पाणी आणलं, मॅडम प्यायल्या आणि पायरीवर बसल्या. शाल मांडीवर, नारळ बाजूला. मी अवघडून फाटकाशी उभा. अंधार पडायला लागला तसा मी खाकरलो, म्हणालो, मॅडम, घाटाचा रस्ता आहे.

"तुमी जा सर," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

"किती वेळ?"

"तो पयल्यासारखा बोलेपर्यंत."

मी स्कूटर सुरू केली. वळणावर मागे पाहिलं, तर भीमराव दादा उठले होते. दोरीचं भेंडोळं उचलून ते पायरीवर बसलेल्या बहिणीच्या बाजूनं, तिच्याकडे न बघता आत गेले. आत गेल्यावर त्यांनी दिवा लावला. दार लावलं नाही.